चार धरणे, एकच पाऊस : डॅशबोर्डमधील नाईव्ह बेझ मॉडेलचे परीक्षण

मागील टिपणांमध्ये आपण नाईव्ह बेझ हे वर्गीकरणाचे मॉडेल कागदावर सोडवले. या टिपणात नवे सूत्र शिकायचे नाही. हेच मॉडेल टॅब्लोसारख्या डेटा व्हिज्युअलायझेशन सॉफ्टवेअरमध्ये, पायथॉन किंवा आरची एकही ओळ न लिहिता बांधण्याची जी पद्धत वर्गांत आणि प्रोजेक्टमध्ये रूढ झाली आहे, तिचे परीक्षण करायचे आहे.

माझे म्हणणे आधी सांगतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. मॉडेल समजून घेण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण तिच्यातून बाहेर पडणारा टक्क्याचा आकडा जसाच्या तसा डॅशबोर्डवर लावण्याच्या लायकीचा नसतो. तो आकडा कशामुळे फुगतो, हे त्याच सॉफ्टवेअरमध्ये दाखवता येते, आणि नेमके तेवढेच दाखवायचे राहून जाते.

उदाहरण चेन्नईचे घेऊ, कारण तिथे या आकड्यावर लोकांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे.

१. प्रश्न काय आहे

चेन्नईचा पाऊस आपल्याकडच्यासारखा नाही. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे पावसाचे महिने. चेन्नईत पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणून जानेवारी उजाडला की शहराची पुढच्या उन्हाळ्याची शिदोरी बरीचशी ठरलेली असते.

ही शिदोरी मुख्यतः चार जलाशयांत साठते. त्यांची क्षमता अशी : पूंडी ३,२३१, चोळावरम १,०८१, पुळल म्हणजे रेड हिल्स ३,३०० आणि चेंबरमबक्कम ३,६४५ दशलक्ष घनफूट. एकूण ११,२५७ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ११.३ टीएमसी. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे, त्यावरून अंदाज करा. एवढ्या मोठ्या शहराचा साठा कोयनेच्या जेमतेम नवव्या भागाएवढा आहे. साठा लहान असला की एका वाईट हंगामाचा फटका लगेच बसतो. २०१९ च्या जूनमध्ये हे जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैमध्ये जोलारपेटहून रेल्वेच्या वाघिणींनी चेन्नईला पाणी आणावे लागले. मराठी वाचकाला यावरून एप्रिल २०१६ मधील मिरज–लातूर पाण्याची गाडी आठवेल.

जलाशयांची पातळी रोज जाहीर होते. तेव्हा विद्यार्थ्याला प्रश्न सुचणे साहजिक आहे : १ जानेवारीची पातळी पाहून येणारा उन्हाळा टंचाईचा ठरेल की नाही, हे सांगता येईल का? आपण व्याख्या करू. १ जूनला चारही जलाशयांतील एकूण साठा क्षमतेच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर ते वर्ष 'टंचाई', नाही तर 'बरे'. प्रत्येक जलाशयाची १ जानेवारीची पातळी क्षमतेच्या निम्म्याहून खाली असेल तर 'कमी', नाही तर 'पुरेशी'. दोन वर्ग, चार चल, प्रत्येक चलाच्या दोन किमती. नाईव्ह बेझसाठी याहून सोपी मांडणी मिळणे कठीण.

२. मॉडेल कसे बांधतात

तक्ता उभा मांडायचा. एका ओळीत वर्ष, जलाशय, पातळीचा गट आणि त्या वर्षाचा वर्ग. वीस वर्षांचा डेटा असेल तर ८० ओळी होतील. त्यानंतर पाच गणिती रकाने, ज्यांना सॉफ्टवेअरमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड म्हणतात.

पहिला रकाना पातळीचा गट ठरवतो. दुसरा प्रायर, म्हणजे पूर्वसंभाव्यता काढतो : एकूण वर्षांपैकी किती वर्षे टंचाईची होती. तिसरा सशर्त संभाव्यता काढतो : टंचाईच्या वर्षांपैकी किती वर्षांत पुळलची पातळी कमी होती, बऱ्या वर्षांपैकी किती वर्षांत होती, आणि असेच प्रत्येक जलाशयासाठी. चौथा रकाना या संभाव्यतांचा गुणाकार करतो. पाचवा दोन्ही वर्गांच्या गुणाकारांची बेरीज करून तिने भागतो, म्हणजे उत्तर ० ते १ च्या दरम्यान येते.

तिसऱ्या रकान्यात बहुतेक विद्यार्थी अडकतात. ओळीत त्या वर्षाचा एकच वर्ग नोंदलेला असतो, पण आपल्याला त्याच ओळीसाठी दोन्ही वर्गांची संभाव्यता हवी असते. म्हणून मोजणी जलाशय आणि गट यांवर स्थिर ठेवून दोन वेगळे रकाने करावे लागतात, एक टंचाईचा आणि एक बऱ्या वर्षांचा. टॅब्लोमध्ये ही स्थिर मोजणी 'फिक्स्ड' या शब्दाने लिहितात. २०१५ मध्ये आवृत्ती ९ बरोबर ही सोय आली आणि असे मॉडेल बांधणे सुटसुटीत झाले.

३. या पद्धतीत चांगले काय

नाईव्ह बेझ हे मुळात मोजणीचे मॉडेल आहे. त्यात पायरीपायरीने उताराकडे सरकणे नाही, भारांची चाचपणी नाही. वर्गवार मोजा, भागा, गुणा. मोजणे आणि गटवार मांडणे हे तर व्हिज्युअलायझेशन सॉफ्टवेअरचे मूळ काम. म्हणून इथे मॉडेल आणि साधन यांचे चांगले जुळते.

तयार लायब्ररीत एका ओळीत उत्तर मिळते आणि आत काय झाले ते दिसत नाही. इथे प्रत्येक सशर्त संभाव्यता हा तुमच्यासमोरचा एक स्तंभ असतो. त्यावर क्लिक केले की ती कोणत्या वर्षांवरून आली ते दिसते. थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, रिचर्ड प्राइस यांनी प्रसिद्ध करवला. तेव्हापासून या सूत्राचे मर्म हेच राहिले आहे की आधीची समजूत आणि नवा पुरावा यांना वेगवेगळे धरून मग एकत्र आणायचे. डॅशबोर्डवर या दोन गोष्टी खरोखर दोन वेगळ्या आलेखांत पाहता येतात. शिकणाऱ्यासाठी हा फायदा लहान नाही.

इथपर्यंत पद्धतीला पूर्ण गुण. आता दोष पाहू.

४. पहिला दोष : चार साक्षीदार, पण ऐकलेली गोष्ट एकच

पुढचे आकडे मी केवळ गणितासाठी घेतले आहेत, ते चेन्नईच्या नोंदींतले नाहीत. समजा, २० वर्षांपैकी ५ टंचाईची, १५ बरी. टंचाईच्या ५ पैकी ४ वर्षांत पुळलची पातळी कमी होती, म्हणजे ०.८. बऱ्या १५ पैकी ३ वर्षांत कमी होती, म्हणजे ०.२. दोन्हींचे गुणोत्तर ४. म्हणजे 'पुळल कमी' ही बातमी टंचाईच्या बाजूने चारपट वजनाची आहे.

सुरुवातीला टंचाई विरुद्ध बरे हे प्रमाण ५ : १५, म्हणजे १ : ३. एका जलाशयाची बातमी आली की ते ४ : ३ होते. संभाव्यता ४ भागिले ७, म्हणजे ५७ टक्के.

आता इतर तीन जलाशयांचेही आकडे असेच आहेत असे समजा. दुसरा जलाशयही कमी असेल तर १६ : ३, म्हणजे ८४ टक्के. तिसरा कमी, तर ६४ : ३, म्हणजे ९५.५ टक्के. चौथा कमी, तर २५६ : ३, म्हणजे ९८.८ टक्के.

५७ वरून ९८.८. हे वाढलेले ज्ञान कुठून आले? मॉडेलचे उत्तर असे की चार वेगवेगळ्या साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली. 'नाईव्ह' म्हणजे भोळे, आणि मॉडेलचा भोळेपणा इथेच आहे. वर्ग एकदा ठरला की चारही चल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असे ते गृहीत धरते.

पण चेन्नईचा नकाशा उघडा. चारही जलाशय एकाच ईशान्य मोसमी पावसावर भरतात. शिवाय ते कालव्यांनी जोडलेले आहेत. पूंडी जलाशय कोसस्थलैयार नदीवर १९४४ मध्ये बांधला गेला, आणि तिथले पाणी कालव्याने चोळावरम आणि पुळलकडे जाते. चेंबरमबक्कमलाही पूंडीहून जोडकालवा आहे. तेलुगू गंगा योजनेतून येणारे कृष्णेचे पाणी आधी पूंडीत पोहोचते आणि तिथून पुढे वाटले जाते. ही कृष्णा आपल्या महाबळेश्वरची. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी मद्रासला द्यायचे मान्य केले, आणि १९९६ मध्ये ते पाणी पहिल्यांदा पूंडीला आले. म्हणजे पूंडी कमी असेल तर इतर तिघे कमी असण्यामागे आकाशाइतकाच कालव्याचाही हात असतो.

साक्षीदार चार आहेत, पण चौघांनी एकाच माणसाकडून ऐकलेले आहे. चौघे अगदी एकसारखे हलत असतील, तर खरे उत्तर ५७ टक्केच. ते काही प्रमाणात वेगळे हलत असतील, तर उत्तर ५७ आणि ९९ यांच्या मधे कुठेतरी. ९८.८ हे उत्तर मात्र नकाशा पाहिलेला माणूस देणार नाही.

मराठी वर्तमानपत्रे पुण्याच्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांना 'धरणसाखळी' म्हणतात. हा शब्द मॉडेलपेक्षा शहाणा आहे. एक कडी ओढली की दुसरी हलते, हे त्या शब्दातच आले.

५. दुसरा दोष : ओळ म्हणजे पुरावा नव्हे

वर आपण वर्षाला एकच नोंद घेतली. पण पातळी रोज जाहीर होत असल्याने विद्यार्थी सहसा रोजचा डेटा तसाच जोडतात. २० वर्षे गुणिले ३६५, म्हणजे एका जलाशयाच्या ७,३०० ओळी. सॉफ्टवेअर कोपऱ्यात ओळींची संख्या दाखवते आणि ती पाहून धीर येतो.

हा धीर फसवा आहे. आजची पातळी म्हणजे जवळजवळ कालचीच पातळी. ३६५ ओळी मिळून एकाच हंगामाची हकिकत सांगतात. टंचाईची वर्षे पाचच होती आणि ओळी कितीही वाढवल्या तरी ती पाचच राहतात.

याचा परिणाम लाप्लास स्मूदिंगमध्ये स्पष्ट दिसतो. थोड्या नोंदींवर फार विश्वास ठेवू नये म्हणून आपण अंशात १ आणि छेदात २ मिळवतो. वर्षे मोजली तर ५ पैकी ४ चे ७ पैकी ५ होतात, म्हणजे ०.८ चे ०.७१. १५ पैकी ३ चे १७ पैकी ४ होतात, म्हणजे ०.२ चे ०.२४. गुणोत्तर ४ वरून सुमारे ३ वर येते आणि एका जलाशयाचे उत्तर ५७ वरून ५० टक्क्यांवर उतरते. पाच वर्षांच्या तुटपुंज्या अनुभवाला साजेशी ही नम्रता आहे. आता दिवस मोजा. १,८२५ पैकी १,४६० चे १,८२७ पैकी १,४६१ होतात. ०.८ चे ०.८ च राहते. स्मूदिंग लावले आहे, सूत्र बरोबर आहे, पण त्याचा उपयोग शून्य. म्हणून मोजताना ओळी मोजू नका, वेगवेगळी वर्षे मोजा. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'काउंट डिस्टिंक्ट' आहेच.

६. तिसरा दोष : शून्य कुठे नाहीसे होते

हा दोष तांत्रिक आहे, पण सगळ्यात गुपचूप घडणारा आहे. टॅब्लोमध्ये बेरीज, सरासरी, कमाल, किमान यांची एकत्रित फळे मिळतात, गुणाकाराचे मिळत नाही. म्हणून विद्यार्थी प्रत्येक संभाव्यतेचा लॉगॅरिदम घेतात, त्यांची बेरीज करतात आणि शेवटी घातांक काढतात. युक्ती बरोबर आहे.

समजा, टंचाईच्या पाचही वर्षांत चेंबरमबक्कमची पातळी 'पुरेशी' कधीच नव्हती. मग त्या गटाची संभाव्यता ५ पैकी ०, म्हणजे शून्य. कागदावर गुणाकार शून्य होतो आणि मॉडेल सांगते की हे वर्ष टंचाईचे असूच शकत नाही. ते टोकाचे उत्तर आहे, पण निदान डोळ्यांत भरते. सॉफ्टवेअरमध्ये शून्याचा लॉगॅरिदम 'नल', म्हणजे रिकामा येतो, आणि बेरीज रिकाम्या किमती सोडून देते. सोडून देणे म्हणजे लॉगॅरिदम शून्य धरणे, म्हणजे संभाव्यता १ धरणे. जी गोष्ट कधीच घडली नव्हती, ती नेहमीच घडते असे मानून पुढचे गणित होते, आणि पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. स्मूदिंग आधी आणि लॉगॅरिदम नंतर, हा क्रम पाळलात तर हा प्रसंग येत नाही.

७. चौथा दोष : बघणाऱ्याच्या क्लिकने मॉडेल बदलते

डॅशबोर्ड हा बघणाऱ्याने हाताळण्यासाठी असतो. बाजूला वर्षांची यादी असते आणि तो हवी ती वर्षे ठेवतो, नको ती काढतो. त्याला वाटते आपण चित्र बदलतो आहोत. पण साधी मोजणी किंवा 'एकूणाच्या टक्केवारी'ची झटपट सोय वापरून प्रायर काढला असेल, तर प्रत्येक क्लिकला मॉडेल नव्याने शिकते. कुणी २०१९ हे वर्ष यादीतून काढले, तर टंचाईची वर्षे ५ ची ४ होतात आणि प्रायर उतरतो. आकडा खाली आला म्हणजे पाणी वाढले असे नाही.

फिक्स्ड मोजणीवर साध्या फिल्टरचा परिणाम होत नाही, कारण तिची पाळी त्या फिल्टरच्या आधी येते. मात्र काँटेक्स्ट फिल्टर आणि डेटा सोर्स फिल्टर तिच्याही आधी लागतात, म्हणून त्यांचा परिणाम होतो. हा क्रम पाठ नसेल, तर दोन विद्यार्थ्यांचे एकच सूत्र दोन वेगळी उत्तरे देईल आणि दोघांनाही कारण कळणार नाही.

याच दोषाशी जोडून दुसरी गोष्ट. ज्या वर्षाचा अंदाज आपण करतो, तेच वर्ष मोजणीतही असते. म्हणजे प्रश्नपत्रिका फोडून परीक्षा. लायब्ररीत प्रशिक्षण आणि चाचणी यांसाठी डेटा वेगळा करण्याची सवय लावली जाते. डॅशबोर्डमध्ये ती फाळणी तुम्हालाच करावी लागते. सोपा उपाय असा : ज्या वर्षाचा अंदाज करायचा ते मोजणीतून वजा करा. आपल्या उदाहरणात पुळल कमी असलेले टंचाईचे एक वर्ष काढले, तर ५ पैकी ४ चे ४ पैकी ३ होतात आणि प्रायर ४ : १५. गुणोत्तर ०.७५ भागिले ०.२, म्हणजे ३.७५. गुणाकार बरोबर १ येतो, म्हणजे ५० टक्के. तपासलेले वर्ष स्वतःलाच ७ टक्के गुण देत होते.

८. मग वर्गीकरण बरोबर कसे येते?

इथे तुम्ही विचाराल की एवढे दोष असून हे मॉडेल इतकी वर्षे वापरले का जाते? प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर आहे. १९९७ मध्ये पेद्रो डोमिंगोस आणि मायकेल पाझानी यांनी दाखवले की चल स्वतंत्र नसले तरी नाईव्ह बेझचे वर्गीकरण पुष्कळदा बरोबर राहते. कारण वर्ग निवडण्यासाठी ५० टक्क्यांची रेघ कोणत्या बाजूला ओलांडली एवढेच पाहायचे असते. ५७ आणि ९८.८ दोन्ही रेघेच्या एकाच बाजूला आहेत. निकाल एकच : टंचाई.

पण हा बचाव कशाचा झाला ते नीट पाहा. तो निकालाचा बचाव आहे, टक्क्याचा नाही. डॅशबोर्डवर आपण लावतो टक्का. शिवाय पाण्याच्या बाबतीत रेघ ५० वर असायचे कारणच नाही.

रेघ कुठे असावी हे दोन चुकांच्या किमतींवरून ठरते. टंचाई येणार म्हणून सावध केले आणि ती आली नाही, तर काही खर्च वाया जातो. सावध केले नाही आणि टंचाई आली, तर शहर टँकरच्या रांगेत उभे राहते. दुसरी चूक पहिलीपेक्षा १९ पट महाग मानली, तर संभाव्यता ५ टक्क्यांच्या वर गेली की सावध करणे शहाणपणाचे. १ भागिले १ अधिक १९, म्हणजे एक विसांश.

आता उलटे वर्ष घ्या. चारही जलाशय 'पुरेशा' गटात आहेत. एका जलाशयाचे गुणोत्तर ०.२ भागिले ०.८, म्हणजे एक चतुर्थांश. प्रमाण १ : ३ वरून १ : १२ वर येते आणि संभाव्यता ७.७ टक्के. ५ च्या वर, म्हणजे तयारी ठेवा. पण नाईव्ह बेझ तीच बातमी चार वेळा मोजते. प्रमाण १ : ७६८ होते आणि संभाव्यता ०.१३ टक्के. डॅशबोर्ड गडद हिरवा. निकाल बदलला.

माझ्या मते या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप हा आहे. लाल रंग फुगला तर लोक प्रश्न विचारतात, बैठका होतात, आकडा तपासला जातो. हिरवा रंग फुगला तर कोणीच काही विचारत नाही.

९. तपासणीचा आलेखही इथेच काढता येतो

टक्का खरा आहे का, हे पाहण्याची रीत जुनी आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञांनी १९५० मध्ये संभाव्यतेच्या अंदाजांसाठी एक मोजमाप सुचवले : अंदाज आणि प्रत्यक्ष घटना यांतील फरकाचा वर्ग घ्या आणि सरासरी काढा. घटना घडली तर १, नाही तर ०. उत्तर जितके लहान तितका अंदाज चांगला.

आपल्या उदाहरणात चारही जलाशय एकत्रच हलतात असे धरू. ते ७ वर्षांत कमी होते, त्यांपैकी ४ टंचाईची निघाली, ३ बरी. मॉडेलने सातही वेळा ९८.८ टक्के सांगितले. ब्रायर मोजमाप ०.४२. एकच जलाशय वापरून ५७ टक्के सांगितले असते तर ०.२४. आणि काहीही न पाहता दरवेळी ५० टक्के म्हटले असते तर ०.२५. म्हणजे चार जलाशयांचे भपकेबाज मॉडेल या सात वर्षांत नाणेफेकीपेक्षा वाईट ठरले, आणि तरी त्याचा वर्गीकरणाचा निकाल एका जलाशयाच्या मॉडेलइतकाच होता. अचूकतेची टक्केवारी पाहून हा फरक कधीच कळला नसता.

हे मोजमाप काढायला एक रकाना पुरतो. आडव्या अक्षावर सांगितलेला टक्का आणि उभ्या अक्षावर प्रत्यक्ष घडलेले प्रमाण, असा आलेख काढायला आणखी पाच मिनिटे. जे सॉफ्टवेअर फुगलेला आकडा सजवून दाखवते, तेच त्याची फुगवटीही दाखवू शकते. म्हणून दोष साधनाचा आहे असे मी म्हणत नाही. प्रोजेक्ट कुठे थांबतो, दोष तिथे आहे.

१०. आकड्याच्या पलीकडचे

एक गोष्ट मात्र कोणत्याही रकान्याने सुटत नाही. नाईव्ह बेझ गृहीत धरते की काल जसे होते तसेच उद्या असेल. चेन्नईत तसे राहिलेले नाही. समुद्राचे पाणी गोडे करणारा मिंजूरचा प्रकल्प २०१० मध्ये आणि नेम्मेलीचा २०१३ मध्ये सुरू झाला. २०२० मध्ये तेरवाय कंडिगई हा ५०० दशलक्ष घनफुटांचा पाचवा जलाशय जोडला गेला. पुळल कोरडा पडण्याचा २००५ मधला अर्थ आणि आजचा अर्थ एक नाही. शिवाय पातळी हा निव्वळ पावसाचा आकडा नसतो, तिच्यात माणसाचा निर्णयही असतो. १ डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत चेंबरमबक्कमचे दरवाजे उघडून अडयार नदीत मोठ्या प्रमाणावर पाणी सोडले गेले. कोणत्या दिवशी किती सोडले, यावर दुसऱ्या दिवशीची ओळ ठरते. हे माहीत असलेला माणूस आणि ८० ओळी मोजणारे सॉफ्टवेअर यांना एकच तक्ता वेगळा दिसतो.

११. निष्कर्ष आणि स्वाध्याय

पद्धतीचे मूल्यमापन थोडक्यात असे. शिकण्यासाठी : वापराच. क्रम लावण्यासाठी, म्हणजे कोणते वर्ष कोणत्या वर्षापेक्षा अधिक धोक्याचे हे पाहण्यासाठी : जपून वापरा. टक्का जाहीर करण्यासाठी : तपासणीचा आलेख शेजारी नसेल तर वापरू नका. आणि एकमेकांशी जोडलेले चल असतील, तर ते चार वेळा मोजण्याऐवजी एकत्र करून एकच चल करा. चेन्नईसाठी तो चल म्हणजे एकूण साठा. मॉडेल मग इतके साधे होते की त्याला नाईव्ह बेझ म्हणायचीही गरज उरत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

आता तुमच्यासाठी काम.

अ) तुमच्या शहराला पाणी पुरवणारे जलाशय कोणते, ते नकाशावर खुणावा आणि त्यांना जोडणारे कालवे, बोगदे, नद्या काढा. डेटा उघडण्याच्या आधी हे करा.

आ) पुण्याच्या चार धरणांसाठी किंवा तुमच्या जिल्ह्यातील धरणांसाठी वरील पाच रकान्यांचे मॉडेल बांधा. मोजणी वर्षांची असू द्या, दिवसांची नको.

इ) जलाशय एकेक करून वगळा आणि प्रत्येक वेळी टक्का किती बदलतो ते लिहून ठेवा. एक धरण ठेवून आणि चारही ठेवून येणाऱ्या उत्तरांत मोठी तफावत असेल, तर ती तफावत नव्या माहितीची आहे की तीच माहिती पुन्हा मोजल्याची, यावर पाच वाक्ये लिहा.

ई) ब्रायर मोजमाप काढा आणि दरवेळी प्रायर इतकाच टक्का सांगणाऱ्या अंदाजाशी त्याची तुलना करा. तुमचे मॉडेल हरले, तर तसे डॅशबोर्डवर लिहा.

शेवटचा स्वाध्याय सगळ्यात अवघड आहे, आणि मी गुण देताना आधी तोच पाहीन.